जामिनावर, रजेवर किंवा परिवीक्षेवर असताना मित्र आणि उमेद कशी टिकवायची? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकरोडला राहतो. चौदा महिने आत होतो, नंतर सशर्त जामिनावर सुटलो. खटला अजून चालू आहे. सुटल्यापासून दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, परवानगीशिवाय जिल्हा सोडायचा नाही, साक्षीदारांशी बोलायचं नाही. या काळात कोर्टाच्या आवारात आणि हजेरीच्या बाकावर माझ्यासारखी पुष्कळ माणसं भेटली. कायद्याचे प्रश्न थोडेच जण विचारायचे. बाकीच्यांना एकच घोर होता: आता मित्रांना तोंड कसं दाखवायचं? ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मी वकील नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते विचारून, वाचून पक्कं केलेलं आहे. तरी तुमच्या हातात जो आदेश आहे त्यात काय लिहिलंय, तेच तुम्हाला लागू. शंका आली की आधी तो कागद उघडायचा.

मी नक्की सुटलोय की नाही? लोक विचारतात तेव्हा काय सांगू?

बाहेर असण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि तुम्ही कशावर आहात हे तुम्हाला स्वतःला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ते सांगता आलं नाही की मित्र आपापल्या मनाने अर्थ लावतात.

खटला चालू आहे आणि कोर्टाने अटी घालून सोडलंय, तर तुम्ही जामिनावर आहात. तुमच्यावर आरोप आहे, तो सिद्ध झालेला नाही. शिक्षा लागलेली आहे आणि ती भोगत असताना काही दिवस घरी आलात, तर ती रजा. आपल्याकडे फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. दोन्ही १९५९ च्या मुंबई फर्लो व पॅरोल नियमांखाली मिळतात. संचित रजेचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. आणि गुन्हा सिद्ध झाला तरी कोर्टाने तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं असेल, तर ती परिवीक्षा. तिचा कायदा १९५८ चा.

माझं वाक्य असं आहे: ‘जामिनावर आहे, केस चालू आहे, सोमवारी हजेरी असते.’ इतकं बोललं की विचारणाऱ्याचा जीवही जरा भांड्यात पडतो, कारण पुढे काय विचारावं हे त्यालाही कळत नसतं.

अटी मित्रांना सांगाव्यात का? लाज वाटते.

सांगा. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. गुन्ह्याची गोष्ट, आतल्या गोष्टी, कोण काय बोललं, यातलं काहीही सांगायची सक्ती नाही. उलट चालू खटल्याबद्दल कुठेही कमीच बोलावं, हे कुठलाही वकील सांगेल. पण अटी सांगायच्याच.

मी सुरुवातीला लपवायचो. मित्र म्हणाले, रविवारी रात्री शिर्डीला निघू, पहाटे काकड आरतीला पोचू. मी म्हणालो, पोट बिघडलंय. पुढच्या वेळी भंडारदरा. मी म्हणालो, आईला बरं नाही. तिसऱ्या वेळी त्यांनी विचारलंच नाही. त्यांना वाटलं, याला आपण नकोसे झालोय. मला वाटलं, यांना मी नकोसा झालोय. सहा महिने असेच गेले. मग एका मित्राच्या आईने, म्हणजे काकूंनी, रस्त्यात अडवून सरळ विचारलं, ‘अरे, घरी का येत नाहीस?’ मी भर बिटको चौकात रडलो. त्याच संध्याकाळी मी त्या मित्राच्या घरी गेलो आणि जामिनाच्या आदेशाची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, ‘एवढंच ना? मग शिर्डी नको, वणीला जाऊ.’

मित्राला तुमच्या अटी ठाऊक असल्या की त्याचं प्रत्येक बोलावणं त्या अटींत बसवूनच येतं. सारखं ‘नाही’ म्हणायची वेळ तुमच्यावर येत नाही. मैत्री झिजते ती या सारख्या ‘नाही’ने.

मित्र फोन उचलत नाहीत. त्यांनी मला सोडलं का?

काहींनी सोडलं असेल. ते मान्य करायला वेळ लागतो आणि ते दुखतं. पण ‘फोन उचलला नाही’ आणि ‘सोडलं’ यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. माझा नंबर बदलला होता. अनोळखी नंबर हल्ली कोण उचलतो? शिवाय अनेकांना भीती असते की याच्याशी बोललो तर पोलीस आपल्यालाही बोलावतील. ती भीती हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या घरातही वडीलधारी माणसं आहेत आणि ती त्यांना बजावत असतात.

मी असं केलं: एकेकाला छोटा मेसेज. नाव, नवा नंबर, आणि ‘सुटून आलोय, बरा आहे, तुला वाटेल तेव्हा फोन कर.’ त्यात पैशाचा विषय नाही, केसचा नाही, ‘का विसरलास’ हे तर नाहीच. मग महिनाभर गप्प राहिलो. अकरा जणांना पाठवला होता. त्याच आठवड्यात चौघांचे फोन आले. एकाने दिवाळीला केला, पाच महिन्यांनी. तो म्हणाला, ‘तू आत होतास तेव्हा तुझ्या घरी जाऊन काय बोलायचं तेच कळेना. मग दिवस जात गेले आणि शरम वाढत गेली.’ माझ्याइतकीच शरम त्यालाही वाटत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

उरलेल्या सहांना मी परत मेसेज केला नाही. दाराची कडी काढून ठेवायची, दार वाजवत बसायचं नाही.

माझा सगळ्यात जवळचा मित्र त्याच केसमध्ये सहआरोपी आहे. त्याला भेटू का?

आदेशात सहआरोपीशी संपर्काला मनाई असेल तर नाही. फोन नाही, भावाच्या हातून निरोप नाही, इन्स्टाग्रामवर नुसता अंगठाही नाही. मनाई लिहिलेली नसेल तर वकिलांना विचारल्याशिवाय नाही. साक्षीदार आणि फिर्यादी यांच्याबाबत मात्र विचारायचाही प्रश्न नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, त्याच्या कलम ४८० मध्येच आहे की गंभीर गुन्ह्यांत जामीन देताना, प्रकरणाची माहिती असणाऱ्या कुणालाही धमकी, आमिष किंवा वचन देऊन ती माहिती सांगण्यात आडकाठी करायची नाही, ही अट कोर्टाने घालायची. तुम्ही नुसतं ‘कसा आहेस’ विचारलंत तरी समोरचा त्याचा वेगळा अर्थ सांगू शकतो.

साक्षीदार तुमच्याच गल्लीत राहत असेल तर दूध आणायला वेगळा रस्ता धरा. मी दोन वर्षं एका ओळखीच्या किराणा दुकानाची पायरी चढलेलो नाही. दुकानदार चांगला माणूस आहे. त्याला कारण ठाऊक आहे आणि तो लांबूनच हात हलवतो, तेवढं पुरतं.

‘नाशिक सोडायचं नाही’ म्हणजे नक्की कुठपर्यंत? मित्र ट्रिप ठरवतायत.

इथे बऱ्याच जणांची चूक होते, म्हणून जरा सविस्तर.

आदेशात ‘नाशिक जिल्हा’ लिहिलंय की ‘नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाची हद्द’, ते बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयुक्तालयाची हद्द असेल तर त्र्यंबकेश्वरसुद्धा बाहेर, कारण ते ग्रामीण पोलिसांकडे येतं. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायची तरी परवानगी लागेल.

जिल्हा असेल तर मोकळीक बरीच आहे. सप्तशृंगीचा गड कळवण तालुक्यात, म्हणजे जिल्ह्यातच. अंजनेरी, हरिहर, रामशेज, इगतपुरी, चांदवड, येवला, थेट बागलाणातला साल्हेर, सगळं आत. शिर्डी अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणून बाहेर. भंडारदराही बाहेर. कळसूबाईचं शिखर दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे, पण नेहमीची वाट ज्या बारी गावातून जाते ते अकोले तालुक्यात, म्हणून तेही बाहेर. कसारा घाट उतरलात की ठाणे जिल्हा लागतो. मुंबईच्या गाडीत इगतपुरीच्या पुढे डोळा लागला तरी अट मोडते.

माझ्या मित्रांनी मग एक यादीच केली, जिल्ह्यातल्या किल्ल्यांची. आतापर्यंत नऊ झाले. यातले बरेच किल्ले मी सुटा असताना कधी पाहिलेही नव्हते.

पुण्यात मित्राचं लग्न आहे. जाता येईल का?

ज्या कोर्टाने अट घातली तिथे वकिलामार्फत अर्ज करा. लग्नपत्रिका, जाण्या-येण्याच्या तारखा, राहण्याचा पत्ता आणि तिथला फोन नंबर जोडा. निदान तीन आठवडे आधी करा, कारण सरकारी वकिलांचं म्हणणं येईपर्यंत तारीख पडते. हजेरीची अट फारच जाचक झाली असेल, नोकरी जात असेल, तर ती शिथिल करा असाही अर्ज करता येतो. दंडाधिकाऱ्याने घातलेली अट सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय बदलू शकतं.

परवानगी नाहीच मिळाली तर व्हिडिओ कॉलवर अक्षता टाका. त्यात कमीपणा नाही. जोडपं नाशिकला आलं की घरी जेवायला बोलवा.

हजेरीच्या दिवशी मन फार खचतं. आदल्या रात्रीपासूनच झोप लागत नाही.

मलाही लागायची नाही. रविवारी संध्याकाळी घरात कुणी मोठ्याने हसलं तरी मला राग यायचा. ठाण्यात जाऊन बाकावर बसायचं, साहेब बंदोबस्तात असले तर दोन-दोन तास वाट बघायची, रजिस्टरमध्ये सही करायची आणि घरी येऊन पांघरूण घेऊन पडायचं. सोमवार वाया, मंगळवारही अर्धा वाया.

हे बदललं ते त्याच मित्रामुळे. काकूंचा मुलगा. त्याची एका कंपनीत सेकंड शिफ्ट असते, त्यामुळे त्याची सकाळ मोकळी. तो म्हणाला, सही झाली की मला मिस्ड कॉल दे, मिसळ खाऊ. पहिल्या सोमवारी मी गेलोच नाही. दुसऱ्या सोमवारी तो ठाण्यापासून थोडं पुढे गाडीवर थांबलेलाच दिसला. मिसळ, पापड, दोन पाव, वर चहा. केसचा एक शब्द नाही. त्याच्या बहिणीच्या स्थळाबद्दल बोलत होता. तेव्हापासून आमचा नेम फारसा चुकलेला नाही.

रविवारची रात्र अजूनही बरी नसते. पण आता मला ‘उद्या हजेरी’च्या जोडीला ‘उद्या मिसळ’ही आठवते. मी प्रत्येकाला हेच सांगतो: हजेरीचा दिवस एकट्याचा ठेवू नका, त्याला माणूस जोडा. मित्र नसेल तर बहीण, मेहुणा, शेजारचे काका. कुणीच नसेल तर सही झाल्यावर एकाच ठरलेल्या टपरीवर चहा घ्या. दोन महिन्यांत टपरीवाला ओळखू लागतो.

काही गोष्टी व्यवहाराच्या. जाताना आदेशाची प्रत सोबत ठेवा. सही झाल्याची नोंद स्वतःच्या वहीतही करा, तारीख आणि वेळेसकट. आजारी पडलात तर आधी ठाण्यात कळवा, मग वकिलांना, आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जपून ठेवा. गणपती विसर्जन, रंगपंचमी अशा बंदोबस्ताच्या दिवसांत एक दिवस आधी जाऊन वेळ विचारून घ्या.

माझा मित्रच माझा जामीनदार आहे. त्याच्यापुढे मान वर होत नाही.

त्याने तुमच्यासाठी काय केलंय ते नीट समजून घ्या. तहसील कचेरीत खेटे घालून ऐपतीचा दाखला काढला, सातबारा किंवा घरपट्टीची पावती दिली, आणि न्यायाधीशांपुढे उभं राहून सांगितलं की हा पळून गेला तर रक्कम मी भरीन. तुम्ही तारखेला गेला नाहीत तर नोटीस त्याला येते.

म्हणून प्रत्येक तारखेनंतर त्याला एक मेसेज करा: ‘हजर होतो, पुढची तारीख अमुक.’ एवढंच. कृतज्ञतेचं ओझं डोक्यावर घेऊन फिरू नका. त्याला तुमची कृतज्ञता नको असते, रात्री झोप हवी असते. त्याच्याकडून वर पैसेही उसने घेऊ नका.

काही कारणाने तो म्हणाला की मला यातून मोकळं व्हायचंय, तर त्याला तसा अर्ज करता येतो आणि तुम्हाला नवा जामीनदार द्यावा लागतो. त्यावर मैत्री तोडू नका. त्याला मुलीच्या लग्नासाठी जमीन विकायची असेल, घरात वाद झाला असेल.

जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारला, अशी तक्रारही पुष्कळदा कानावर येते. १९७८ साली मोतीराम नावाच्या गवंड्याच्या प्रकरणात नेमकं हेच घडलं होतं. भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याचा जामीन घेतला नव्हता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं. धुळ्याचा किंवा जळगावचा मित्र उभा राहायला तयार असेल तर वकिलांना या निकालाची आठवण करून द्या.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये राहू का? पोलीस लोकेशन मागू शकतात का?

शाळेच्या, सोसायटीच्या ग्रुपमध्ये खुशाल राहा. ज्या ग्रुपमध्ये भांडणं, धमक्या, कोयते-तलवारींचे फोटो, ‘भाईचा बर्थडे’चे व्हिडिओ चालतात, तिथून आजच बाहेर पडा. कुणी दुखावलं तर दुखावू द्या. केसवर काहीही लिहू नका, अगदी स्टेटसला सूचक शायरीसुद्धा नको.

लोकेशनचं म्हणाल, तर फ्रँक व्हायटस या प्रकरणात ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोलिसांना आरोपीच्या हालचालींवर सतत नजर ठेवता येईल आणि त्याच्या खासगी आयुष्यात डोकावता येईल अशी जामिनाची अट घालता येणार नाही. तिथे गूगल मॅपवर पिन टाकून ठेवण्याची अट होती, ती काढली गेली. तुमच्या आदेशात तसं काही असेल तर स्वतःहून मोडू नका, वकिलांमार्फत कोर्टाकडून काढून घ्या. मला त्या निकालाने मोठा धीर दिला. अटींखाली असलेल्या माणसालाही खासगी आयुष्य असतं, हे देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने लिहून दिलं आहे.

मी संचित रजेवर थोड्या दिवसांसाठी आलोय. सगळ्यांना भेटायचंय, दिवस पुरत नाहीत.

सगळ्यांना भेटू नका. रजेवर आलेल्या माणसांकडून मी ऐकलंय की पहिले चार दिवस घरात जत्रा असते आणि शेवटचे चार दिवस कुणीच फिरकत नाही. ते शेवटचे दिवस फार जड जातात. तेव्हा उलटं करा: सुरुवातीला घरचे, मुलं, आई-वडील. दोन-तीन जवळचे मित्र मुद्दाम शेवटच्या आठवड्यात बोलवा, आणि परत जायच्या दिवशी जेलरोडपर्यंत सोबत येईल असा एक माणूस आधीच ठरवून ठेवा.

वेळेत परत जा. उशीर झाला तर जामीनदाराची रक्कम, पुढच्या रजा, सगळंच अडचणीत येतं, वर नवा गुन्हा दाखल होऊ शकतो. कुणी म्हणालं, ‘राहा रे दोन दिवस, काय होतंय’, तर त्याचा चहा संपवा आणि उठा.

२०१७ साली अशफाक विरुद्ध राजस्थान राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या रजांचे हेतू सांगितले आहेत. कुटुंबाशी नातं चालू राहावं, सलग तुरुंगवासाचे वाईट परिणाम टळावेत, आत्मविश्वास टिकावा, आणि विधायक आशा व जगण्यातला रस वाढावा, असे ते हेतू. म्हणजे मित्रासोबत गोदाघाटावर बसून भेळ खाणं हे रजेचं उधळणं नव्हे, रजेचं कामच आहे ते.

परिवीक्षा अधिकाऱ्याशी कसं वागू? तो पोलिसांचाच माणूस ना?

नाही. आपल्याकडे परिवीक्षा अधिकारी महिला व बालविकास विभागाकडे असतात. १९५८ च्या कायद्याच्या कलम १४ मध्ये त्यांची कामं लिहिली आहेत. देखरेख आहेच, पण गरज असेल तिथे योग्य काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं हेही त्यात आहे. बंधपत्राची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. देखरेखीचा आदेश झालाच तर तो किमान एक वर्षाचा. अटी बदलून हव्या असतील तर त्यांच्यामार्फतच कोर्टात अर्ज जाऊ शकतो, म्हणून अडचण साठवून न ठेवता वेळीच सांगा. मॅडम किंवा साहेब घरी आले तर शेजाऱ्यांपासून लपवालपवी करू नका. चहा विचारा.

आणि कलम १२ पाठ करून ठेवा: परिवीक्षेवर सोडलेल्या माणसाला त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता लागत नाही. नोकरीच्या वेळी हे वकिलांच्या पत्रासह दाखवता येतं.

मला तडीपार केलंय. मित्र, घर, सगळं नाशिकमध्ये.

हा सगळ्यात एकटा पाडणारा प्रकार आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ खाली हद्दपारी जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. आदेशाविरुद्ध तीस दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. घरात मयत, मोठं आजारपण, कोर्टाची तारीख अशा कारणासाठी काही दिवस हद्दीत यायची परवानगी मागता येते. चोरून येऊ नका. तडीपारांपैकी पुष्कळजण आईच्या आठवणीने रात्रीचे घरी येतात आणि तिथेच धरले जातात.

मित्रांनीच तिकडे जावं. महिन्यातून एक रविवार, आळीपाळीने. घरचा डबा घेऊन.

कामाच्या ठिकाणी मित्र कसे होणार? तिथे कुणाला माहीत नाही.

सातपूर-अंबडच्या कंपन्यांत चारित्र्य पडताळणी मागतात, तेव्हा लपवून फार दिवस निभत नाही. मालकाला किंवा ठेकेदाराला आधीच सांगितलेलं बरं: केस चालू आहे, सोमवारी दोन तास सुट्टी लागेल, ते तास भरून देईन. मला तीन जणांनी नकार दिला, चौथ्याने ठेवून घेतलं. सहकाऱ्यांना लगेच सांगायची गरज नाही. डबा एकत्र खायला लागा, बाकीचं सावकाश होतं.

जुनी संगत सोडली, आता कुणीच उरलं नाही. नवी माणसं कुठे भेटतील?

जिथे दर आठवड्याला त्याच वेळी तीच माणसं येतात आणि आत शिरताना कुणी इतिहास विचारत नाही, तिथे. १८४० पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथल्या वर्तमानपत्रांच्या टेबलावर रोज तेच चेहरे दिसतात. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते, तिथे कुणीही जाऊन बसावं. गल्लीतलं भजनी मंडळ, सकाळची व्यायामशाळा. दारूचा प्रश्न असेल तर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेला फी नाही आणि तिथे ओळखही गुप्त राहते.

मी भजनात पखवाजामागे बसून टाळ वाजवतो. सूर काही फारसा कळत नाही. पण एका गुरुवारी गेलो नाही, तर रात्री बुवांचा फोन आला: ‘काय, बरं नाही का?’ आपण न गेल्याने कुणाला तरी चुकल्यासारखं वाटलं. चौदा महिने जिथे मी नुसता मोजणीतला आकडा होतो, तिथून आल्यावर या एका फोनची किंमत मला सांगता येणार नाही.

केस कधी संपणार ठाऊक नाही. उमेद धरायची तरी कशाची?

निकालाची धरू नका, ती हातात नाही. तारखेवर तारीख पडत जाते आणि प्रत्येक वेळी उंचावरून पडल्यासारखं होतं. मी माझी उमेद जवळच्या गोष्टींवर ठेवतो. सोमवारी मिसळ, गुरुवारी भजन, पुढच्या महिन्यात दहावा किल्ला. कुणाला हे फार लहान वाटेल. पण आत असताना आम्ही मुलाकतीच्या दिवसाच्या आधारावरच आठवडा काढायचो. गणपतीच्या मूर्ती घडवणारे कैदी मूर्ती रंगवून कधी होतेय याची वाट बघायचे, कारण ती बाहेरच्या कुणाच्या तरी घरी जाणार होती. माणूस अशा जवळच्या टप्प्यांवरच तगतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रात्री मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर एकटे राहू नका. घरच्याला उठवा. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, रात्री-अपरात्रीही चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे. मी स्वतः तो नंबर एकदा लावला आहे. पलीकडच्या बाईंनी माझा गुन्हा विचारला नाही, जेवलात का ते विचारलं.

वकील परवडत नसल्यामुळे आशा सुटत असेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला फोन करा, किंवा सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात त्यांच्या कार्यालयात जा.

आत राहिलेल्या मित्रांशी संबंध ठेवू का?

पत्र लिहा. ते वाचूनच आत दिलं जातं, म्हणून घरच्या खुशालीचं, पावसापाण्याचं, क्रिकेटचं लिहा. भेटायला जायचं असेल तर आधी तुमच्या अटी बघा आणि वकिलांना विचारा. त्यांच्या आईला जाऊन भेटणं सगळ्यात चांगलं. ती तुम्हाला बघून आधी रडेल, मग जेवायला वाढेल.

मी सुटून आलेल्या माणसाचा मित्र आहे. मी काय करू?

‘आत कसं असतं?’ हे विचारू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल, बहुतेक रात्री गाडीवर मागे बसून, तुमचं तोंड दिसत नसताना. पैशापेक्षा वेळ द्या, आणि देता येईल तेवढाच कबूल करा. ‘कधीही फोन कर’ म्हणण्यापेक्षा ‘बुधवारी साडेसातला येतो’ म्हणा आणि या. त्याच्या अटी पाठ करा. त्याच्यासमोर दुसऱ्या कुणाला उगाच ‘जेलमध्ये टाकीन’ म्हणू नका.

आणि जमलं तर एकदा कोर्टाच्या तारखेला सोबत जा. सकाळी साडेदहाच्या आत पोचा, पाण्याची बाटली घ्या, मोबाइल सायलेंट करा, मागच्या बाकावर बसा. साक्षीदार समोर आले तर त्यांच्याशी एक शब्दही बोलू नका, हसूही नका. बहुतेक वेळा दुपारपर्यंत काहीच होत नाही आणि पुढची तारीख मिळते. तो बाहेर येईल तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला असेल. समजावू नका. गाडी काढा आणि विचारा, ‘भूक लागलीय का?’